ऑनलाइन पदवी चालते का?

घरबसल्या पदवी देणाऱ्या जाहिराती मोबाइलवर सतत झळकतात. ही पदवी नोकरीला चालते का? चालते, पण अटीवर. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२मध्ये स्पष्ट केले.

मात्र विद्यापीठ नामांकित असणे पुरेसे नाही. तो अभ्यासक्रम त्या वर्षी आयोगाच्या यादीत हवा. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसीच्या पदव्यांना ऑनलाइन परवानगीच नाही. फ्रँचायझीलाही बंदी आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाने पदवीची हमी देणाऱ्या एजंटाच्या हाती पैसे देऊ नयेत.

यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. पाच मिनिटांची ही तपासणी टाळली, तर शुल्काबरोबर तीन वर्षेही वाया जाऊ शकतात.