रस्ता ज्या खात्याचा, गवतही त्याच खात्याचे



वालूरच्या शिवारात पावसाळ्यात कोणतीही गाडीवाट धरा. दोन्ही कडांना गाजरगवत कमरेएवढे उभे असते. त्याला लागून असलेल्या तासांतली ज्वारी खुजी राहिली, कपाशी विरळ उगवली, की सल्ला ठरलेला: "युरियाची एक गोणी वाढवा!"

आम्ही विचारतो, ती गोणी जाते कुणाच्या पोटात? ओल आणि खत तर कोणतेही तण पळवते. गाजरगवत त्याच्याही पुढे जाते. त्याच्या पाल्यात पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य असते. मुळांतून आणि कुजणाऱ्या पाल्यातून ते आणि तसलीच आणखी द्रव्ये मातीत उतरतात. त्यांनी बियाण्याची उगवण मंदावते, कोवळी मुळे आखूड राहतात, कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी कमी होतात. उपाशी पिकाला खत चालते; विष चढलेल्या पिकाला खताचा काय उतारा?

हे गवत आम्ही पेरलेले नाही. अमेरिका खंडातले हे तण पुण्यात १९५५ साली नोंदले गेले. परदेशी गव्हाबरोबर ते आले, असे मानले जाते. ज्या गव्हाने इथल्या शेतकऱ्याचा भाव पाडला, तो खाऊन संपला. बी मात्र आमच्या रानात राहिले. खुरपणीची मजुरी आमच्या माथी. खुरपणाऱ्या बायांच्या हातांना खाज, परागांनी दमा. आणि वर उपदेश: "बांध स्वच्छ ठेवा!"

ठेवू. आमच्या बांधावरचे आम्ही काढू. पण एक झाड हजारो बिया टाकते. रस्ता, कालवा, गायरान तसेच राहिले तर आमची खुरपणी दरसाल पाण्यात.

म्हणून ग्रामसभेत ठराव मांडा: ज्याची जागा, त्याने गवत फुलोऱ्याआधी मुळासकट काढावे. फुलोऱ्यानंतरची मोहीम म्हणजे बियांची पेरणी. काढणाऱ्या मजुराला हातमोजे द्यावेत. रिकाम्या कडांना मृगाच्या तोंडी तरोट्याचे बी फेकावे. तरोटा या गवताला दाबतो. बंगळूरला १९८४ च्या सुमारास सोडलेले मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतात. ते दिसले तर मारू नका. फुलाआधी उपटलेले गवत खड्ड्यात कुजवा, फुललेले शेणखतात टाकू नका.

गोणी घेण्याआधी कडेचे गवत बघा. आणि ते कुणाच्या जागेत उभे आहे, ते मोठ्याने विचारा.