पाककृतींच्या वहीला हिशेबाची जोड हवी

मराठी घरातील पाककृतींची वही ही पूर्वी हौसेची वस्तू असे. सासरी जाणाऱ्या मुलीला आई ती लिहून देई, शेजारणी एकमेकींच्या वहीतून चकल्यांचे आणि लोणच्यांचे प्रमाण उतरवून घेत. अलीकडे या वहीचे रूप पालटले आहे. घरात कोणाला मधुमेह निघाला, की भात, पोळी, साबुदाणा, बटाटा यांना पर्याय शोधण्याची धावपळ सुरू होते आणि त्यातून कमी कर्बोदकांच्या पदार्थांचे संग्रह तयार होतात. कोणी ते छापून हळदीकुंकवाला वाटतो, कोणी महिला मंडळाच्या वार्षिक अंकात देतो, कोणी भ्रमणध्वनीवरून शेकडो परिचितांकडे धाडतो. या उद्योगाकडे फावल्या वेळचा छंद म्हणून पाहण्याची प्रथा आहे. ती सोडून देण्याची वेळ आता आली आहे.

कारण प्रश्नाचा आकार लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच पाहणीवर आधारलेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने आहाराची बाजू मांडली. भारतीय माणसाला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, प्रथिनांचा वाटा मात्र जेमतेम १२ टक्के आहे. हे प्रमाण बदलावयाचे, तर ते रुग्णालयात नव्हे, स्वयंपाकघरात बदलावे लागेल. आणि स्वयंपाकघरात बदल घडतो तो व्याख्यानांनी नव्हे. ‘आज रात्री काय करायचे’ या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तराने तो घडतो.

जुनीच परंपरा

आहारातील पिष्ट व साखर कमी करण्याचा अनुभव लिहून तो लोकांत वाटणे हे आजचे नावीन्य नव्हे. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ मध्ये स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. स्थूलपणाने तो जेरीस आला होता. डॉ. विल्यम हार्वी यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, बीअर इत्यादी पदार्थ सोडले आणि त्यास गुण आला. आपण काय खातो याची साधी यादी त्याने त्या पुस्तिकेत दिली. पहिली आवृत्ती त्याने फुकट वाटली. पुस्तिका इतकी गाजली, की त्याच्या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापदच रूढ झाले. स्वीडिश भाषेत तर वजन उतरविण्यासाठी खाणे कमी करणे या अर्थाचे क्रियापद अद्याप त्याच्याच नावावरून चालते. पुढे १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिनचा शोध लागेपर्यंत कर्बोदकांवरील कडक निर्बंध हाच मधुमेहावरील प्रमुख उपाय होता.

मराठीतही पाकशास्त्राच्या ग्रंथांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली आणि घराघरांत पोहोचली. ‘रुचिरा’च्या यशाचे एक कारण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात घेण्याजोगे आहे. तिची मापे वाटी-चमच्याची होती. ‘अंदाजाने घ्यावे’ या तोंडी परंपरेला तिने मोजमापाची शिस्त लावली आणि त्यामुळे नवशिक्या मुलीलाही तो पदार्थ साधू लागला. ज्ञान हस्तांतरणीय होते ते मोजमापामुळे. आजच्या संग्रहांना नेमका याच गोष्टीचा विसर पडला आहे.

स्वस्त नक्कल, महाग चूक

पाककृती ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तूच्या जवळ जाणारी वस्तू आहे. शेजारणीला कृती सांगितल्याने आपली कृती कमी होत नाही. घटकांच्या यादीवर कोणाचा मक्ताही चालत नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याचे संरक्षण असते ते ती कृती सांगणाऱ्या शब्दांना आणि सोबतच्या चित्रांना. म्हणजे कृती वाटण्यास जवळजवळ खर्च नाही. परंतु ती तपासण्यास मात्र खर्च आहे. पदार्थ तीन-चार वेळा करून पाहणे, घटक तोलणे, त्यातील कर्बोदकांचा हिशेब मांडणे, एका माणसाचा वाटा ठरविणे या सर्वांस वेळ आणि पैसा लागतो, आणि तो सोसणाऱ्यास मोबदला मिळत नाही. परिणाम उघड आहे. नक्कल भरपूर, तपासणी शून्य.

जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले, की खरेदीदारास चांगल्या-वाईटाची पारख करता येत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकून लावतो. पाककृतींच्या बाबतीत हेच घडते आहे. ‘मधुमेहींसाठी’ असा शिक्का मारलेल्या दहा कृतींपैकी कोणती खरी आणि कोणती फसवी हे वाचणाऱ्यास कळण्यास मार्ग नाही. त्यामुळे जी चमचमीत तीच पुढे सरकते.

या फसव्या कृतींचे तीन-चार ठळक नमुने सांगता येतील. पहिला नमुना धान्यबदलाचा. गव्हाऐवजी ज्वारी घेतली की पदार्थ कमी कर्बोदकांचा झाला, असे मानले जाते. वस्तुतः शंभर ग्रॅम तांदळात कर्बोदके ७५ ते ८० ग्रॅम असतील, तर गहू आणि ज्वारी या दोहोंतही ती साधारण ६५ ते ७२ ग्रॅम असतात. ज्वारीत तंतुमय भाग आहे, ती पोटभरीची आहे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ती मोलाची आहे. हे सर्व खरे. परंतु चार भाकऱ्या या चार भाकऱ्याच होत. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्या उत्साहात हा फरक पुसला गेला. मैद्यासारख्या सत्त्वहीन पिठांच्या जागी नुसते सबंध गव्हाचे वा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका घटल्याचे आढळत नाही, कर्बोदकांचा काही भाग प्रथिनांनी भरून काढला तर तो घटतो, असे वर उल्लेखिलेल्या २०२५ च्या निबंधाचे सांगणे आहे.

दुसरा नमुना गुळाचा. साखर वर्ज्य म्हणून लाडवात गूळ घालणे म्हणजे दारातून घालविलेल्या पाहुण्यास खिडकीतून घरात घेणे होय. गूळ हा बहुतांशी साखरच असतो. तिसरा नमुना उपवासाचा. साबुदाण्यात शंभरात ८५ ग्रॅमहून अधिक भाग पिष्टाचा, आणि भगरही धान्यच. म्हणजे उपवासाच्या दिवशी ताटातील कर्बोदके बहुधा वाढतातच. याउलट पिठल्यासारखा पदार्थ यादीत सहसा दिसत नाही. बेसनातही कर्बोदके पुष्कळ असतात हे खरे, पण वाटीभर पिठल्यात पीठ तीन-चार चमचेच जाते आणि सोबत प्रथिनेही येतात. तात्पर्य, घटकाचे नाव पाहून चालत नाही, एका वाट्यातील प्रमाण पाहावे लागते. त्यासाठी साधनांचीही वानवा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांच्या घटकांची कोष्टके २०१७ मध्ये नव्याने प्रसिद्ध केली आहेत. तागडी, कोष्टक आणि त्रैराशिक एवढ्या भांडवलावर कोणत्याही पदार्थाचा हिशेब मांडता येतो.

औषध आणि आहार

चुकीची कृती निरुपयोगी ठरते, तर परिणामकारक कृती कधीकधी धोक्याची ठरते. ज्या रुग्णास इन्शुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत, त्याने एका आठवड्यात भात-पोळी एकदम तोडली आणि औषधाची मात्रा तशीच ठेवली, तर रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत उतरू शकते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या औषधांबरोबर कर्बोदके फारच कमी केली, तर रक्तातील आम्लता वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंड दुर्बल झालेल्यास प्रथिनांचा मारा सोसत नाही. गरोदर स्त्रिया आणि वाढत्या वयाची मुले यांची गरज तर निराळीच. म्हणून ‘औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा’ ही ओळ संग्रहाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात नको, पहिल्या पानावर ठळक हवी. तीबरोबर हेही सांगावयास हवे, की टोकाला जाण्याची सर्वांना गरज नाही. परिषदेच्याच आकडेवारीवर २०२२ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार, नव्याने निदान झालेल्या मधुमेहींत रोग मागे हटविण्यासाठी एकूण ऊर्जेतील कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांपर्यंत आणि प्रथिनांचा वाटा १९ ते २० टक्क्यांपर्यंत आणणे इष्ट ठरते. भाताला कायमची सुटी न देता तो निम्म्यावर आणणे, वरण घट्ट करणे आणि भाजी-कोशिंबिरीस ताटात मानाचे स्थान देणे, एवढ्याने यातील पुष्कळसे अंतर तोडता येते.

कोणाच्या खिशाला परवडेल?

तथापि या संग्रहांचा सर्वांत मोठा दोष वैद्यकीय नसून आर्थिक आहे. त्यांतील पुष्कळ कृती परदेशी पुस्तकांवरून उतरविलेल्या असतात. बदामाचे पीठ, चीज, ऑलिव्हचे तेल हे त्यांतील नेहमीचे घटक. कारकुनाच्या वा विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या पगारात असा डोसा महिन्यातून एकदा होईल. मधुमेह मात्र रोजचा आहे, आणि तो आता केवळ सुखवस्तूंचा रोग राहिलेला नाही.

कर्बोदके ही आपल्याकडे सर्वांत स्वस्त ऊर्जा आहे आणि तिला राज्यसंस्थेचे पाठबळ आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील व्यक्तीस दरमहा पाच किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले आणि जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षे मोफत देण्याचे ठरले. पाच किलो म्हणजे दिवसास सुमारे १६७ ग्रॅम तांदूळ अथवा गहू. भूक निवारण्याचे हे कार्य मोठे आहे आणि त्यास नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु तांदूळ फुकट आणि डाळ बाजारभावाने, अशी तुलनात्मक किंमत असताना गरीब कुटुंबाचे ताट भाताकडे झुकणार, हे सांगण्यास कोणा पंडिताची गरज नाही. शालेय पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्राने अंडी आणली आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी थांबविला. प्रथिनांविषयीची सार्वजनिक आस्था किती तकलादू आहे, हे यावरून दिसते.

म्हणून आपल्याकडील संग्रहात पदार्थाच्या कर्बोदकांबरोबर त्याची किंमतही लिहिली पाहिजे. शेंगदाणे, सोयाबीन, मोडाची कडधान्ये, अंडी, ताक, कोकणातील सुकट आणि बोंबील, शेवग्याचा पाला, आंबाडी, चुका, घोळ हे आपले घटक आहेत. सोयाबीन मराठवाडा आणि विदर्भात पिकते, पण तेथील ताटात ते क्वचितच दिसते. त्याचा उग्र वास घालवून ते रुचकर करणारी एक तपासलेली कृती बदामाच्या शंभर डोशांपेक्षा अधिक माणसांच्या उपयोगी पडेल.

किमतीत आणखी एक किंमत धरावयास हवी. ती राष्ट्रीय उत्पन्नात मोजली जात नाही. मधुमेही पुरुषासाठी वेगळे, मुलांसाठी वेगळे, सासूच्या उपवासाचे वेगळे, असा तिहेरी स्वयंपाक एकाच बाईच्या वाट्यास येतो, आणि तिच्या स्वतःच्या ताटात पडतो तो उरलेला भात. तीही मधुमेही असू शकते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. सबंध घराने खावे असा एकच पदार्थ सुचविणारी कृती ही म्हणूनच चांगली कृती होय. किती मिनिटे लागतात, हाही आकडा तिच्याखाली असावा.

हे काम कोणी करावे? गृहविज्ञानाची महाविद्यालये, बचत गट आणि सार्वजनिक वाचनालये मिळून ते करू शकतात. विद्यार्थिनींनी प्रात्यक्षिक म्हणून कृती तोलाव्यात आणि कोष्टकावरून हिशेब मांडावा, गटांनी त्या आपापल्या चुलीवर करून पाहाव्यात, स्थानिक डॉक्टरांनी इशाऱ्यांची भाषा तपासावी आणि वाचनालयांनी संग्रहाची प्रत ठेवावी. प्रत्येक कृतीखाली चार आकडे असावेत: एका वाट्यातील कर्बोदके, प्रथिने, खर्च आणि वेळ. कृती कोणाची, कोणी तपासली, केव्हा सुधारली याची नोंद असावी, आणि श्रेय देऊन ती कोणासही उतरवून घेण्याची मुभा असावी. एवढे झाले तर वाईट कृतीने चांगलीला हुसकण्याचा बाजारी नियम उलटविता येईल.

बँटिंगने आपली पुस्तिका फुकट वाटली ती आपणास आलेला गुण इतरांसही यावा म्हणून. आपल्या वह्यांतही ती सदिच्छा भरपूर आहे. उणीव आहे ती तागडीची. सदिच्छेने पदार्थ वाटला जातो, पण त्याने रुग्णाची साखर उतरेल की नाही, हे तागडीच सांगते.