आधी मृत्यूची नोंदवही वाचा



निवडणूक आली की उद्धव ठाकरे यांच्या करोनाकाळातल्या कारभाराचा विषय हमखास निघतो. एक बाजू सांगते, असा मुख्यमंत्री देशात झाला नाही, घरातल्या कर्त्या माणसासारखा समोर बसून बोलला म्हणून महाराष्ट्र तरला. दुसरी सांगते, तो घराबाहेरच पडला नाही. पूर्णेपासून गंगाखेडपर्यंत कितीतरी सभांत मी ही दोन्ही भाषणे ऐकली. दोन्हींत आपला परभणी जिल्हा नसतो. कोणत्या गावात किती माणसे गेली, त्यातली किती दवाखान्यात पोहोचली, किती घरातल्या बाजेवरच संपली, हे कोणताही वक्ता सांगत नाही. आणि आपणही विचारत नाही. त्यासाठी हे पत्रक काढले आहे.

माझे थोरले चुलते 2021 च्या एप्रिलात गेले. चार दिवस त्यांनी शेतातल्या आखाड्यावरच ताप काढला. पाचव्या दिवशी दम लागला तेव्हा पोरांनी जीप केली. परभणीत खाट मिळाली नाही. नांदेडच्या रस्त्यावर त्यांनी मान टाकली. घशातला नमुना घेतलाच नव्हता, मग अहवाल कुठला येणार? गावच्या नोंदवहीत त्यांचे नाव आहे, वय आहे, तारीख आहे. सरकारच्या करोनाच्या आकड्यात ते नाहीत. त्या पंधरवड्यात आमच्या गावातून इतक्या तिरड्या उठल्या की खांदा द्यायला माणसे मिळेनात. त्यातली किती मंत्रालयातल्या फळ्यावर पोहोचली, ते मला ठाऊक नाही. मला तेच हवे आहे.

साथीच्या काळातल्या राज्यकर्त्याला पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: तू मेलेली माणसे मोजलीस का? मोजणी खरी असेल तरच ऑक्सिजन कुठे कमी पडला ते कळते, कोणत्या तालुक्याला डॉक्टर हवे होते ते कळते, कोणते घर उघडे पडले ते कळते. मोजणीच कच्ची असली तर बाकी सगळी नुसती भाषणे उरतात.

आता आकडे पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने करोनात माणूस गमावलेल्या घराला 50 हजार रुपये देण्याचे ठरले. 2022 च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या सरकारी नोंदीत करोनाचे मृत्यू होते सुमारे 1 लाख 41 हजार. त्याच वेळी मदतीसाठी आलेले अर्ज होते 2 लाख 13 हजारांहून जास्त. त्यात काही दुबार असतील, काही चुकीचे असतील, हे मी मान्य करतो. तरीसुद्धा 70 हजारांच्या वर जो फरक उरतो, तो नुसत्या लबाडीचा नाही. त्या अर्जांमागे विधवा आहेत, पोरकी लेकरे आहेत, म्हातारे आईबाप आहेत. आणि माझ्या चुलतीसारख्या ज्यांनी अर्जच केला नाही, त्या या हिशेबाच्याही बाहेर आहेत. अहवालच नाही तर कोणता कागद जोडायचा, असे तिला कुणीतरी सांगितले आणि ती घरी बसली. करोनाचा उल्लेख नाही एवढ्याच कारणावरून मदत नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने 2021 च्या ऑक्टोबरात स्पष्ट केले होते. तक्रार करायची सोयही ठेवली होती. ही गोष्ट तिच्या दारापर्यंत कुणी नेली नाही.

हे एकट्या महाराष्ट्राचे नाही. केंद्र सरकारच्याच जन्म-मृत्यू नोंदणीप्रमाणे देशात 2019 मध्ये 76 लाखांवर मृत्यू नोंदले गेले आणि 2021 मध्ये 1 कोटी 2 लाखांवर. म्हणजे 26 लाखांच्या आसपास वाढ. त्या वर्षी करोनाचे म्हणून मोजलेले मृत्यू मात्र साडेतीन लाखांच्याही आत. नोंदणी सुधारली म्हणून थोडी वाढ दिसणारच, पण एवढी नाही. 20 जुलै 2021 रोजी केंद्राने राज्यसभेत सांगितले की ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद राज्यांनी कळवलेली नाही. राज्यांनी लिहिले नाही, म्हणून केंद्राने वाचले नाही, म्हणून ते घडलेच नाही! ज्यांनी सिलिंडरसाठी रात्र-रात्र वणवण केली, त्यांनी हे उत्तर ऐकून काय करायचे?

ठाकरे यांच्याबद्दल आधी बरे ते सांगतो, कारण ते खरे आहे. त्यांनी लोकांना न घाबरवता आणि न फसवता त्यांच्याशी संवाद ठेवला. आजाराला कोणत्याही धर्माचे नाव चिकटू दिले नाही. डॉ. संजय ओक यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांचे कृती दल नेमले आणि त्याचे ऐकले. चाचण्या कमी करून रुग्ण कमी दाखवायची युक्ती त्यांच्या सरकारने उघडपणे वापरली असे मी म्हणणार नाही. उलट 2021 च्या जूनमध्ये आधी राहून गेलेले हजारो मृत्यू एकूण आकड्यात मिळवले गेले. देशात सर्वाधिक मृत्यूंचा डाग महाराष्ट्राने लपवला नाही, याची नोंद प्रामाणिक टीकाकाराने केलीच पाहिजे.

पण मुंबईच्या यशावर परभणीचा निकाल लावता येत नाही. धारावीचे कौतुक जागतिक आरोग्य संघटनेने केले. वांद्रे-कुर्ला संकुलात, गोरेगावात मोठी तात्पुरती रुग्णालये उभी राहिली. आपल्याकडे 2011 च्या जनगणनेनुसार 18 लाख 36 हजार लोकांचा जिल्हा, नऊ तालुके आणि तेव्हा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकही नव्हते. एक जिल्हा रुग्णालय, मग आयटीआयच्या आणि जिल्हा परिषदेच्या इमारतींत मांडलेल्या खाटा. नमुने सुरुवातीला तपासणीसाठी जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. अत्यवस्थ माणूस उचलून नांदेडच्या विष्णुपुरी रुग्णालयात न्यायचा, नाहीतर औरंगाबादच्या घाटी रुग्णालयात. वैद्यकीय महाविद्यालयासाठी या जिल्ह्याला रस्त्यावर उतरावे लागले आणि ते सुरू झाले 2023 मध्ये, माणसे गेल्यानंतर. ही उणीव ठाकरे यांनी निर्माण केली नाही. त्यांच्या आधीच्या प्रत्येक सरकारने ती जपली. तरी साथ अंगावर आल्यावर मुंबईसारखी यंत्रणा मराठवाड्यात का उभी राहिली नाही, याचे उत्तर मुख्यमंत्री या नात्याने त्यांनीच द्यायचे आहे.

पालकमंत्री हे पद कशासाठी असते? जिल्ह्याचे दुखणे मंत्रिमंडळाच्या टेबलावर मांडण्यासाठी. आपले पालकमंत्री होते नवाब मलिक, मुंबईतल्या अणुशक्तीनगरचे आमदार आणि स्वतःच्या पक्षाचे प्रवक्ते. एप्रिल 2021 मध्ये त्यांनी रेमडेसिविरवरून केंद्रावर जोरदार आरोप केले. ते आरोप खरे की खोटे हा वेगळा वाद आहे. त्या महिन्यात परभणीला दिवसाकाठी किती ऑक्सिजन लागत होता आणि किती येत होता, हे त्यांनी तितक्याच जोराने सांगितल्याचे मला आठवत नाही. परजिल्ह्यातला पालकमंत्री लादायची रीत जुनी आहे आणि सगळ्या पक्षांनी ती चालवली आहे. साथीत तिची किंमत आपण मोजली.

याच काळात जिल्हाधिकाऱ्यांच्या खुर्चीचे काय झाले तेही आठवा. 2021 च्या जुलैत आंचल गोयल यांची नेमणूक झाली. तान्हे बाळ घेऊन त्या परभणीत आल्या. आधीचे जिल्हाधिकारी दीपक मुगळीकर महिनाअखेरीस निवृत्त झाले आणि नेमका तेव्हाच पदभार अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या, तुम्ही मुंबईला परत या, असा निरोप आला. कारण आपल्याला कुणी सांगितले नाही. लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये त्यांना खुर्ची मिळाली. दुसरी लाट नुकतीच ओसरलेली, तिसरीची भीती डोक्यावर, आणि जिल्ह्याचा प्रमुख कोण हेच ठरत नव्हते. हा निर्णय मुंबईत झाला. त्याची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे की नाही?

याच्या उलट एक रात्र सांगतो. एप्रिल 2021 च्या अखेरीस जिल्हा रुग्णालयात झाडाची फांदी ऑक्सिजनच्या नळीवर पडली. 14 रुग्णांचा श्वास त्या नळीवर होता. काहीच दिवस आधी, 21 एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या गळतीने 22 जण दगावले होते. परभणीत त्या रात्री डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी धावपळ करून मोठी सिलिंडरे जोडली, नळी दुरुस्त केली आणि 14 च्या 14 वाचवले. जिल्ह्यात माणसे कमी नव्हती. त्यांना मिळायला हवे ते वेळेत मिळाले नाही.

आणि आशाताई! 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम 15 सप्टेंबर 2020 ला सुरू झाली. दारोदार जाऊन ताप आणि ऑक्सिजन कुणी मोजला? आशांनी आणि अंगणवाडी ताईंनी. त्या बायांना 2021 च्या जूनमध्ये संपावर जावे लागले, तेव्हा हजार रुपये वाढ आणि 500 रुपये करोना भत्ता पदरात पडला. गावातला एकेक मृत्यू ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनाच आपण सगळ्यात स्वस्त ठरवले. एप्रिल 2021 च्या निर्बंधांबरोबर 5 हजार 476 कोटींची मदत जाहीर झाली. बांधकाम मजूर, रिक्षावाले, फेरीवाले यांना 1500 रुपये धरले. मोफत धान्यही होते, ते खरेच उपयोगी पडले. पण दुसऱ्याच्या रानात राबणारी परभणीची शेतमजूर बाई त्या 1500 रुपयांच्या यादीत नव्हती.

काही वाचक म्हणतील, हे जुने उकरून काय मिळणार? इतिहास पाहा. 2020 च्या मार्चमध्ये ज्या साथरोग कायद्याने आपली दारे बंद झाली, तो कायदा 1897 चा, पुण्याच्या प्लेगच्या काळातला. तेव्हा प्लेग अधिकारी रँडच्या पथकांनी घराघरांत घुसून जो छळ केला, त्यावर टिळकांनी 'केसरी'तून सरकारला जाब विचारला आणि राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा घेतली. त्याच साली गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सोजिरांच्या अत्याचारांची गोष्ट छापून आणली. परत आल्यावर तिला पुरावा उभा राहिना आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. माणूस सच्चा होता, पण हातात कागद नव्हता. सव्वाशे वर्षांनी आपलीही गत तीच आहे. परभणीत माणसे हकनाक गेली हे आपल्याला ठाऊक आहे, कागद मात्र सरकारी कपाटात आहे.

म्हणून ठाकरे यांच्या बाजूने किंवा विरुद्ध मत मागणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: आधी ते कपाट उघडा. यात पक्षाचा प्रश्न नाही. त्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री अजित पवार आणि नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे पुढे दुसऱ्या बाजूच्या सरकारात बसले. 2022 मध्ये आपले पालकमंत्री झालेले तानाजी सावंत स्वतः आरोग्यमंत्री होते. हिशेबातून कोणतीच बाजू मोकळी नाही.

कपाटाची किल्ली आपल्याही हातात आहे. गावात झालेल्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, कारण लिहिलेले असो वा नसो. 2018, 2019, 2020 आणि 2021 या चार वर्षांच्या एप्रिल आणि मे महिन्यांत गावात किती मृत्यू नोंदले गेले, एवढेच विचारायचे. आजाराचे नाव विचारू नका, नुसती बेरीज मागा. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि ते चार आकडे वाचून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या, त्याला 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. अर्ज लिहायला अडचण असेल तर शाळेतल्या गुरुजींना किंवा दहावी झालेल्या पोरीला बसवा, अर्ध्या पानाचे काम आहे. आशाताईंना सोबत घ्या, नोंदवहीत कोण राहून गेले ते त्या सांगतील. जिल्ह्यात आठशेवर गावे आहेत. शंभर गावांचे आकडे जरी एकत्र झाले तरी पुढच्या सभेत व्यासपीठावरच्या माणसाला कागद दाखवून प्रश्न विचारता येईल.

माझ्या गावाचा अर्ज मी लिहिला आहे. त्यात चुलत्यांचे नाव कुठेच येणार नाही, ते 2021 च्या एप्रिलच्या बेरजेत मोजले जातील.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, पूर्णा तालुका

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्यावे.)