कबुतराला कळतं, म्हणूनच

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने कबुतरांना दाणे टाकणं थांबावं म्हणून दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, आंदोलकांनी ती फाडली आणि वादाच्या दोन बाजू पडल्या: इकडे जीवदया, तिकडे माणसांची फुफ्फुसं. कबुतराला काय वाटतं, हे या गदारोळात राहूनच गेलं. खरं तर त्याची बाजू भक्कम आहे. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी कबुतरांना मोने आणि पिकासो यांची चित्रं वेगळी ओळखायला शिकवलं. मग आधी न पाहिलेली चित्रंही त्यांनी ओळखली. (आपल्यापैकी किती जणांना जमेल, कोण जाणे!) चित्र ओळखता आलं म्हणजे दुःख जाणवतंच असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा पक्ष्यांकडेही असल्याचं २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी मान्य केलं आहे. तेव्हा संशयाचा फायदा पक्ष्यालाच द्यायला हवा.

तो दिला की पंचाईत होते ती दाणे टाकणाऱ्यांची. समोरच्या जिवाला जाणवतं, असं एकदा मानलं की त्याचं बरं होतंय का हे बघावं लागतं. आपल्या पदरी किती पुण्य पडलं हा हिशेब तिथे गैरलागू. कबुतरखान्याच्या कठड्यापाशी जरा खाली वाकून बघा. दोरा नाहीतर केस गुंतून बोटं झडलेले पाय दिसतील, आणि त्याच पायांनी विष्ठेत तुडवलेली ज्वारी. आयतं खाणं मिळालं की कबुतरं वर्षभर दोन-दोन अंडी घालत राहतात, थवा फुगतो, आजार पसरतो. याच मुंबईत १८३४ मध्ये भुलेश्वरजवळ पांजरपोळ निघाली, पुढे परळला बैलघोडा हॉस्पिटल उभं राहिलं. तिथे निदान जनावराची जखम तरी पाहिली जाते.

‘मग उपाशी मारायचं का?’ हा दाणे टाकणाऱ्यांचा सवाल मात्र उडवून लावण्यासारखा नाही. कबुतराची नर-मादी दोघंही पिलाला गळ्यातलं दूध भरवतात. दाणा एका दिवसात तोडला तर छज्ज्यावरच्या पिलांनाही झळ बसणार. दम्याच्या रुग्णाला मोकळा श्वास हवा हे निर्विवाद, पण त्यासाठी ताडपत्री हा एकच मार्ग नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने १९८८ पासून लोकांना समजावून दाणे कमी करवले, कबुतरांसाठी देखरेखीची खुराडी बांधली आणि तिथली अंडी काढून घेतली. चार-पाच वर्षांत कबुतरं निम्म्यावर आली. दादरला असं खुराडं बांधलं तर अंडी काढणाऱ्याचा पगार कोण देणार, असं कुणी विचारेल. धान्याच्या पोत्यांसाठी आजवर देणग्या मिळतच होत्या.