अडतीस वर्षांचा उमेदवार

सातारा जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे धाकटे दीर कृषिपदवीधर असून गेली नऊ वर्षे पुण्यास राहून स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करीत आहेत. वय चौतीस. पूर्वपरीक्षा चार वेळा उतरले, मुख्य परीक्षेत दोनदा थोडक्या गुणांनी मागे राहिले. खोलीभाडे, खाणावळ व अभ्यासिकेचे शुल्क मिळून घरातून दरमहा आठ हजार रुपये जातात, ते थोरल्या बंधूंच्या पगारातून. सासूबाईंचा आग्रह, की आणखी दोन वर्षे द्यावीत. मामंजींनी ह्या विषयावर बोलणेच सोडले आहे. ‘भाऊजींना परत बोलवावे असे सुचविण्याचा अधिकार सुनेला आहे काय?’ असे बाईंनी विचारले आहे.

उत्तर देण्यापूर्वी, चौतिसाव्या वर्षी माणूस परीक्षार्थी राहतो तरी कसा, हे पाहिले पाहिजे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या नोकऱ्यांसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ वर नेली व मागासवर्गीयांची ३८ वरून ४३ वर. पुढे करोनाच्या साथीमुळे परीक्षा रखडल्या, म्हणून २०२३ साली डिसेंबरअखेरपर्यंतच्या जाहिरातींसाठी आणखी दोन वर्षांची सूट मिळाली. ह्या सवलती उमेदवारांनीच मागितल्या होत्या आणि मागणी रास्तच होती. जाहिरातच निघाली नाही, तर तेवढ्या काळाचे वय उमेदवाराच्या खाती का मांडावे? परंतु ह्या व्यवहारात देणाराने काय दिले, तेही पाहावे. नोकरी दिली नाही, मुदत दिली. आणि मुदतीला सरकारी तिजोरीतून एक छदामही लागत नाही. तिचा खर्च घरे सोसतात.

दिल्लीच्या लोकसेवा आयोगाचा कारभार ह्याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. तेथे खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३२ व प्रयत्न सहा, म्हणजे अट कितीतरी कडक. पण वेळापत्रक वर्षभर आधी हाती पडते आणि सहसा पाळले जाते. २०२३ ची नागरी सेवा पूर्वपरीक्षा २८ मे रोजी झाली व अंतिम निकाल १६ एप्रिल २०२४ रोजी लागला. वर्षाच्या आत मुलास आपले भवितव्य कळले. नापास झालेला मुलगाही वेळेवर नापास होतो, ही गोष्ट लहान नव्हे. बत्तिसाव्या वर्षी दार बंद झाल्यास दुसरे दार शोधण्याची उमेद अंगी असते. आमच्याकडे दार अडतिसापर्यंत उघडे आहे, पण आत केव्हा घेणार ते कोणी सांगत नाही.

शिवाय एका दाराशी थांबले असता इतर दारे थांबत नाहीत. बँकांच्या सामाईक भरतीत अधिकारीपदासाठी, अगदी कृषी अधिकाऱ्याच्या पदासाठीही, खुल्या वर्गाची मर्यादा तीस वर्षांची आहे. लिपिकाच्या जागेसाठी तर अठ्ठावीस. पत्रलेखिकेच्या दिरांस जी नोकरी त्यांच्या शिक्षणाला सर्वांत जवळची होती, ती त्यांच्या हातून चार वर्षांपूर्वीच गेली, आणि ती गेली हे घरात बहुधा कोणाच्या ध्यानीही आले नसेल. अडतीस हा आकडा घराला निष्कारण धीर देतो, तो असा.

तेव्हा आमचे उत्तर असे. ज्या संसारातून दरमहा आठ हजार जातात, त्या संसाराच्या गृहिणीस विचारण्याचा अधिकार आहेच. मात्र तो माजघरातून वापरू नये. सर्वांनी एकत्र बसावे, त्या बैठकीस स्वतः भाऊजी असावेत आणि मामंजींनी मौन सोडावे. आजच्या दराने धरले तरी नऊ वर्षांचे साडेआठ लाखांवर होतात. हा आकडा टोमणा म्हणून कोणी उच्चारू नये, परंतु लपवूही नये. पुढची मुदत घराने ठरवावी, सरकारच्या मर्यादेकडे पाहून ठरवू नये. आणि ती मुदत संपेपर्यंत नुसता अभ्यास नको. बियाण्यांची विक्री, माती-परीक्षण, दूधसंघ, शिकवणी, जे जमेल त्यात अर्धा दिवस घालवावा. अर्ध्या दिवसाच्या कामाने अभ्यास बुडतो असे जे म्हणतात, त्यांनी रिकाम्या दिवसांनी किती बुडतो ह्याचाही विचार करावा. ‘परत ये’ ह्या दोन शब्दांनी तरुण माणूस फार खचतो. कोणत्या कामावर ये, हे सांगता आले तरच ते उच्चारावेत.

ह्याच संबंधात एक गोष्ट आमच्या वाचकांस अप्रिय वाटली तरी लिहितो. हीच परीक्षा देणाऱ्या घरच्या मुलीस आपण किती वर्षे देतो? बहुतेक घरी दोन. तिसऱ्या वर्षी स्थळे येऊ लागतात आणि पुस्तके माळ्यावर जातात. मुलाची जिद्द व मुलीचा हट्ट ही एकाच गुणाची दोन नावे आपण ठेविली आहेत. असो.

आता सरकारकडे वळू. २०१९ च्या राज्यसेवा परीक्षेचा निकाल जून २०२० मध्ये लागला. परंतु पुढे मराठा आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडला आणि निवड झालेले उमेदवारसुद्धा वर्षाहून अधिक काळ नेमणुकीवाचून घरी बसून राहिले. मार्च २०२१ मध्ये तोंडावर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचे कळताच पुण्यात हजारो मुले रस्त्यावर उतरली, तेव्हा ती आठ दिवसांच्या अंतराने घेण्यात आली. त्याच वर्षी जूनअखेर, परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या एका तरुणाने आपले जीवन संपविले. विधिमंडळात गदारोळ झाला आणि तेव्हा एक विलक्षण गोष्ट सर्वांच्या कानी गेली, की मुलाखती घ्यावयाच्या त्या आयोगाच्या सदस्यांच्याच जागा रिकाम्या पडल्या होत्या. रिकाम्या जागा भरण्यासाठी नेमलेले मंडळ स्वतःच रिकामे! सरकारने ३१ जुलैपर्यंत त्या भरण्याचे आश्वासन दिले. हे आश्वासन देण्यास एका घरातील मुलगा जावा लागला.

घोषणांची मात्र उणीव नाही. २०१८ साली बहात्तर हजार जागांच्या महाभरतीची घोषणा झाली. २०२२ साली, राज्यात दोन लाखांहून अधिक पदे रिकामी असताना, पंचाहत्तर हजार जागांची. त्यांतून तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती २०२३ मध्ये निघाली, तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गास शुल्क एक हजार रुपये, राखीव वर्गास नऊशे. कमी दराने गुणाकार केला तरी रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. पुढल्या वर्षी पोलिसांच्या सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले.

आपल्या दिवाणखान्यांत हा विषय निघाला म्हणजे बोलणे राखीव जागांपाशी येऊन थांबते, हे आम्ही जाणतो. अशा वेळी वरचे आकडे कागदावर मांडून पाहावेत. त्या ४,६४४ जागांची वाटणी कोणत्याही रीतीने केली, सगळ्याच्या सगळ्या एकाच वर्गास दिल्या, तरी हजारी नऊशे पंचाण्णव मुले बाहेरच राहतात. भाकरी एवढीशी असता तिचे तुकडे कसे पाडावे ह्यावर शेजाऱ्याशी भांडण्यात आपली संध्याकाळ जाते आणि पीठच दळले गेले नाही, हा प्रश्न विचारावयाचा राहतो. राखीव वर्गातील घरांस तर मर्यादा त्रेचाळीसची. म्हणजे त्यांचे वाट पाहणे पाच वर्षांनी अधिक लांब, आणि पाठीशी पगारदार थोरला भाऊ असेलच असे नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहकार्याने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय रोजगार-अहवालात एक तुलना आहे. २०२२ मध्ये लिहितावाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारीचे प्रमाण शेकडा ३.४ होते आणि पदवीधर तरुणांत २९.१. ह्याचा अर्थ निरक्षराला अधिक नोकऱ्या मिळतात असा नव्हे. त्याला बेकार राहणे परवडत नाही. मिळेल त्या मजुरीवर तो उभा राहतो. पदवीधर बेकार राहू शकतो, कारण त्याच्या मागे घर असते. आपले एकत्र कुटुंब हे ह्या देशातील सुशिक्षितांचे बेकारीभत्ता-खाते होऊन बसले आहे. त्याच्या खर्चाला कोठेही अंदाजपत्रकात जागा नाही, म्हणून सरकारला ते स्वस्त पडते.

ह्याच महाराष्ट्राने एके काळी याहून चांगले करून दाखविले आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष खडी फोडण्यास व तलाव खोदण्यास आली. विधानपरिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेचा पुढे १९७७ साली कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांत काम, न दिल्यास भत्ता, असे वचन सरकारने लिहून दिले. तो भत्ता फारच थोड्यांच्या हाती पडला, कामांतही पुष्कळ घोटाळे झाले. तरी ‘पंधरा दिवस’ हा शब्द कायद्यात होता आणि मजूर तो तहसीलदारापुढे उच्चारू शकत होता. योजनेचा खर्च चालावा म्हणून १९७५ साली व्यवसायकर बसला. पगाराच्या कागदावर दरमहा दोनशे व फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले वाचकांनी पाहिले असतील, ते त्याचेच.

सरकारने प्रत्येक पदवीधरास खुर्ची द्यावी असे आमचे म्हणणे नाही. कोणत्याही सरकारास ते साधणार नाही. मागणे एवढेच, की खडी फोडणाऱ्यास जी मुदत लिहून देता आली, ती परीक्षा देणाऱ्यासही द्यावी. आज भरतीच्या जाहिरातीत अर्जाची अखेरची तारीख असते आणि शेवटची घटकाही असते: रात्री ११ वाजून ५९ मिनिटे. एक मिनिट उशीर झाला की अर्ज बाद. त्याच कागदावर निकालाची व नेमणुकीची अखेरची तारीख छापावी, आणि ती टळल्यास भरलेले शुल्क उमेदवारास परत करावे.