किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये?

गणपतीला नातू पुण्याहून रत्नागिरीला आला होता. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोदकांचं सारण गार होईपर्यंत त्याने मला लॅपटॉपवर 'खाजगी किल्ली' तयार करून दाखवली. मी मराठी माध्यमाची बी.ए., आयुष्य व्याकरण शिकवण्यात गेलं. पण जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटलं.

जावा या भाषेत 'क्लास' म्हणजे साचा आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे त्यातून काढलेली वस्तू. मी म्हटलं, "म्हणजे मोदकाचा साचा की!" तो हसला. "हो आजी, पण इथे दोन मोदक सारखे निघाले तर घात!"

की-पेअर-जनरेटर नावाचा साचा जावात आयताच मिळतो. त्याला पद्धत सांगायची, आरएसए. लांबी सांगायची, २०४८ बिट. मग 'जोडी कर' म्हणायचं. क्षणात दोन किल्ल्या हजर. खाजगी किल्लीने सही करायची, आणि सार्वजनिक किल्लीने ती कुणीही पडताळून पाहायची. पाच-सहा ओळींचं काम.

सगळी मदार मात्र कुणालाही अंदाज बांधता येणार नाही अशा आकड्यांवर. त्यासाठी सिक्युअर-रँडम आहे. नुसता रँडम नावाचाही एक साचा आहे, पण त्याचं बीज अवघं ४८ बिटांचं. ते सापडलं की पुढचे सगळे आकडे सापडले. ही नुसती भीती नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २००६ साली एका दुरुस्तीत असाच घोळ झाला. एका जातीच्या, एका लांबीच्या किल्लीला जेमतेम ३२ हजार शक्यता उरल्या. २००८ च्या मे महिन्यात हे उघडकीला आलं, तोवर जगभर लोक त्या किल्ल्या बिनघोर वापरत होते.

हे ऐकताना मला माझीच किल्ली आठवली. आमची आंबा बागायतदारांची छोटी उत्पादक कंपनी आहे, मी तिची एक संचालक. सरकारी फॉर्म भरायला डिजिटल सही लागते. ती आमचे कागदपत्र बघणाऱ्या गृहस्थांनीच काढून आणली. ते पेनड्राइव्हसारखं टोकन त्यांच्याच ड्रॉवरमध्ये, आणि पिन वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर! दोन वर्षांत माझ्या सहीने काय काय गेलं, मला ठाऊक नाही.

नातू गप्पच झाला. मग म्हणाला, "आजी, किल्ली टोकनच्या आत जन्मते आणि बाहेर काढता येऊ नये म्हणून एवढा खटाटोप असतो. आणि तू टोकनच देऊन टाकलंस!"

कायदाही तेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ४२ व्या कलमाप्रमाणे खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची त्याने घ्यायची. ती फुटली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. कळवेपर्यंत जबाबदारी आपलीच.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना हे कसं जमणार? मला हे पटत नाही. कोऱ्या कागदावर सही करून देऊ नये, हे आपल्या आईवडिलांना, शाळेत न गेलेल्या आजीलासुद्धा कळत होतं. टोकन आणि पिन देणं म्हणजे कोऱ्या कागदांचा अख्खा गठ्ठा सही करून देणं. त्या गृहस्थांच्या मनात खोट नसेलही, पण प्रश्न त्यांच्या मनाचा नाही, माझ्या सहीचा आहे. गणित कितीही पक्कं असो, चिठ्ठीपुढे ते काय करणार?

गौरी-विसर्जनानंतर मी टोकन परत आणलं. जुनं प्रमाणपत्र रद्द करायला दिलं. नवी किल्ली माझ्यासमोर, माझ्या टोकनमध्ये तयार झाली. पिन माझा मीच घातला. फॉर्म ते गृहस्थच भरतात, सहीला मी जाते. रिक्षाचे पैसे पडतात, पडू देत.

असो. तुमच्या घरातल्या सहीची किल्ली कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे? आज विचारून बघा, आणि मला जरूर कळवा.