सुटलेलं पोट, सुटलेल्या जिभा

कर्जतहून लोकलने मुंबई गाठायची म्हणजे 100 किलोमीटर. खोपोलीहून आणखी पंधराएक. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपवून डब्यात परतलेल्या बाईला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘पोट बांधलं नव्हतंस का?’ दुसरा, ‘लायपोसक्शन करून टाक, एका दिवसात मोकळी!’ आणि गावात तिसरा पक्ष तयारच असतो : वाड्यांवर आया कुपोषित असताना हे चोचले कशाला?

आधी तिसऱ्याचं. कर्जत-खालापुरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवरचं कुपोषण खरं आहे. पण नेरळच्या बाईने कमरेची चरबी जपली म्हणून वाडीवरच्या ताटात भाकरी वाढत नाही. पुरुष डोक्यावर केस रोवून घेतो, तेव्हा त्याला कुणी वाडीची आठवण करून देत नाही.

पोट बांधल्याने आधार मिळतो, चालताना बरं वाटतं. चरबी मात्र वितळत नाही. गर्भपिशवीला मूळ आकारावर यायला साधारण सहा आठवडे लागतात, पट्टा असो वा नसो.

खरा वाद दुसऱ्या सल्ल्याशी आहे. त्याच्या बाजूलाही वजन आहे. कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी 1987 मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली : भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रेनलिन घातलेलं पातळ द्रावण आधी चरबीत भरायचं, मग नळीने चरबी ओढायची. त्यामुळे रक्तस्राव पुष्कळ घटला. पण नळी ओढते ती फक्त कातडीखालची चरबी. बाळंतपणानंतरच्या पोटात आतड्यांभोवतीची चरबी असते, ताणून सैल पडलेली कातडी असते आणि मधोमध फाकलेले उभे स्नायूही असतात. या तिन्हींपुढे नळीचं काही चालत नाही. उलट सैल कातडीखालची चरबी गेली की कातडी अधिकच लोंबू शकते.

‘एका दिवसात मोकळी’ हेही खोटं. पुढे काही आठवडे घट्ट पट्टा वापरावा लागतो. मे 2022 मध्ये बंगळुरूत कन्नड मालिकांतली एक तरुण अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे आधी हिमोग्लोबिन तपासायचं.

मग कुणीच करू नये? तसंही नाही. आणखी मूल नको आहे, अंगावरचं दूध सुटलंय, बाळंतपणाला सहा महिने तरी झालेत, वजन काही महिने एका जागी आहे, कातडी घट्ट आहे आणि तरी कमरेवरची वळी हटत नाही, अशा बाईला लायपोसक्शन शोभतं आणि त्यासाठी तिने कुणाची परवानगी मागायचं कारण नाही. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, डोकं उचललं की बेंबीपाशी दोन बोटांहून रुंद फट लागत असेल, तर मात्र आधी फिजिओथेरपिस्ट गाठावा.

खर्च खिशातूनच होणार. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा पैसे देत नाही. सर्जन एम.सीएच. प्लास्टिक सर्जरी झालेला आहे का, हे पाहावं. कर्जत-खोपोलीकरणीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. शस्त्रक्रिया पनवेलला किंवा मुंबईत होईल. पण नंतर पोटरी सुजली, धाप लागली, तर ते होईल घरी आणि कदाचित शेवटची लोकल निघून गेल्यावर. त्या रात्री फोन कोण उचलणार आणि जवळचा अतिदक्षता विभाग कुठला, याचं उत्तर पॅकेजच्या आकड्याआधी घ्यावं.